हळू बोट, सरळ बोट

 

आजचा विषय ऐकून काहीजणींना हसू येईल. आपण बालाघाटाच्या माथ्यावर राहणाऱ्या, उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या बाया. आपल्याला मोटारबोटीचं काय करायचं? पण २०२१ चा सप्टेंबर आठवा. धनेगावला मांजरा धरणाचे सगळे १८ दरवाजे उघडावे लागले. नदीकाठच्या गावांत पाणी शिरलं, माणसं बाहेर काढायला बोटी आल्या, हेलिकॉप्टर आलं. आपल्यातल्या कितीतरी जणींची माहेरं त्याच काठावर आहेत. म्हणून आमच्या गटातल्या आम्ही सहाजणी धरणाच्या पाण्यावर मासेमारी करणाऱ्या भावांकडे जाऊन मागे इंजिन लावलेली लहान बोट चालवायला शिकलो. त्यातलं सगळ्यात अवघड काम म्हणजे हळू जाताना बोट सरळ ठेवणं. आज तेवढंच सांगतो.

पुरात बोट हळूच न्यावी लागते. पाण्याखाली कुंपणाच्या तारा असतात, विहिरीचे कठडे असतात, मोडून पडलेली झाडं असतात. जोरात गेलेल्या बोटीची लाट भिजलेल्या मातीच्या भिंतीवर आदळली तर भिंत खाली येते. आणि नेमकी हळू जातानाच बोट दारुड्यासारखी डावी-उजवी झुलते.

असं का होतं? एक तर बोट मागून वळते. इंजिनचा दांडा उजवीकडे ढकलला की बोटीची शेपटी उजवीकडे जाते आणि तोंड डावीकडे फिरतं. उसाची ट्रॉली रिव्हर्स घेताना ट्रॅक्टरवाल्याची कशी कसरत होते ते आपण पाहतोच. सवय होईपर्यंत इथंही हात उलटा-सुलटा होतो.

दुसरं म्हणजे अशा बोटीला वेगळं सुकाणू नसतं. पाण्यातला पंखा ज्या दिशेनं पाणी फेकतो, त्यावरच बोट वळते. पंखा जोरात फिरत असेल तर दांड्याचं लगेच ऐकते. पंखा हळू असेल तर वळायला वेळ लागतो. आणि गिअर काढून न्यूट्रल केलं, म्हणजे पंखा थांबला, की दांडा कितीही फिरवा, बोट जवळजवळ ऐकतच नाही. मग वारं नेईल तिकडं तोंड फिरतं.

खरी गोम त्या वेळ लागण्यात आहे. दांडा ढकलला, बोट वळली नाही, म्हणून आणखी ढकलला. तेवढ्यात बोट वळायला लागते आणि वळतच राहते. मग घाईनं उलटा दांडा. अशी झोकांडी वाढत जाते. यावर मासेमार भावांनी शिकवलेला उपाय असा: दांडा बोटभरच हलवायचा आणि थांबायचं. तोंड फिरायला लागलं की ते सरळ रेषेवर यायच्या आधीच दांडा मधे आणायचा. नजर समोरच्या पाण्यावर ठेवायची नाही. लांबची एखादी बाभळ, देवळाचा कळस, विजेचा खांब धरायचा आणि तिकडं बघत चालायचं. नवी सायकल शिकताना चाकाकडं बघितलं की पडायला होतं, तसंच हे.

फारच हळू जायचं असेल तर गिअर घालायचा, दोन-तीन अंक मोजायचे, काढायचा, पुन्हा घालायचा. वळवायचं ते गिअर घातलेला असतानाच. इंजिनचा खालचा भाग पाण्यात पुरता उतरलेला हवा, फार वर उचललेला असेल तर पंख्याला पाणी नीट सापडत नाही. लांबचं सरळ अंतर असेल तर दोरीला बादली बांधून मागे ओढत न्यायची जुनी युक्तीही आहे. बादली शेपटीला धरून ठेवते. मात्र दोरी पंख्यात जाऊ द्यायची नाही, आणि कोणाजवळ जाण्याआधी किंवा बोट मागे घेण्याआधी बादली आत ओढून घ्यायची.

माणसांजवळ किंवा काठाजवळ जाताना वाहत्या पाण्याच्या विरुद्ध तोंड करून जायचं. पाणी समोरून येतं, त्यामुळं पंखा जोरात ठेवूनही बोट सावकाश पुढं सरकते आणि दांड्याचं ऐकते. पाण्यासोबत वाहत गेलं तर थांबणं आपल्या हातात राहत नाही. पाण्यात माणूस असेल तर जवळ जाताच इंजिन बंद. पंखा माणूस ओळखत नाही. इंजिन बंद पाडणारी दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला अडकवलेलीच हवी.

आता ज्या कधी दांडा धरणार नाहीत त्यांच्यासाठी. बोट सरळ जाणं निम्मं बसणाऱ्यांच्या हातात असतं. सगळ्याजणी पुढं बसल्या तर तोंड पाण्यात रुतून बोट भलतीकडं वळते. सगळ्या मागं बसल्या तर तोंड वर उचलतं आणि वारं त्याला ढकलतं. म्हणून वजन मधोमध, दोन्ही बाजूंना सारखं. खाली बसायचं. काठ दिसला म्हणून उभं राहायचं नाही, लेकरू पुढं द्यायला एकाच बाजूला झुकायचं नाही.

आणि जागा नसेल तर चढायचं नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला माणसं बाहेर काढणारी बोट उलटली. तिच्यात पेलवतील त्याहून जास्त माणसं होती. बुडालेल्यांत बाया होत्या, लेकरं होती. मे २०२४ मध्ये उजनीच्या पाण्यात कुगाव ते कळाशी जाणारी बोट वादळी वाऱ्यात सापडली आणि सहा जण गेले. वारं सुटलं असेल तर काठावर थांबणं हेच शहाणपण. "पुढच्या खेपेला येते" असं म्हणणारी बाई भित्री नसते, ती बोटीतल्या सगळ्यांचा जीव राखते. आणि लाईफ जॅकेट लुगड्यावर चढतं, नऊवारीवरही चढतं. पट्टे नीट आवळले म्हणजे झालं.

नदीकाठच्या गावात पावसाळ्याआधी ग्रामसभेत दोन गोष्टी विचारा: आपल्यासाठी बोट कुठून येणार, आणि ती चालवायचा सराव कोणी केलाय? सराव कोरड्या दिवसात, शांत पाण्यावर, जाणत्या माणसासोबतच होतो. पूर आल्यावर शिकायला वेळ नसतो. त्या यादीत एखाद्या बाईचंही नाव असू द्या.

 काही विचारायचं असेल तर रेडिओवर जरूर कळवा.