शेजाऱ्याचा धर्म
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



विहार कमिटीने आम्हाला विषय दिला, 'इस्लाम धर्माची ओळख'. काहींनी विचारले, बुद्धविहारात हा विषय कशाला? तर कारण सांगतो. आपल्या नवलाख उंबऱ्याच्या शिवारात एमआयडीसी आली, कारखाने आले, परप्रांतातून कामगार आले. त्यात मुसलमान कुटुंबेही आली. मागच्या महिन्यात अशाच एका कुटुंबाने आपल्या वस्तीत खोली मागितली. आधी 'या' म्हटले, आणि नाव कळल्यावर 'खोली गेली' असे उत्तर मिळाले. खोली अजून रिकामीच आहे! पुण्या-मुंबईला आडनाव विचारून आपल्याला माघारी लावलेले आपल्यापैकी किती जणांना आठवते? बाबासाहेबांना १९१७ साली बडोद्यात पारशी पथिकाश्रमातून सामान उचलून निघावे लागले होते. म्हणून आधी माहिती तरी करून घेऊ.

आम्ही काही मौलवी नाही. वाचून आणि मुसलमान मित्रांना विचारून जे कळले ते सांगतो.

महंमद पैगंबरांचा जन्म मक्केत इसवी सन ५७० च्या सुमारास झाला. मूर्तिपूजा सोडा, ईश्वर एकच आहे, असे ते सांगू लागले, तेव्हा मक्केच्या धनिकांनी छळ मांडला. ६२२ साली ते मदिनेला गेले. तिथूनच हिजरी सन धरतात. ६३२ साली ते वारले. त्यांच्यावर उतरलेली ईश्वराची वाणी म्हणजे कुराण, अशी मुसलमानांची श्रद्धा. त्यात ११४ अध्याय आहेत. पैगंबर हे माणूसच, त्यांची पूजा करायची नाही, चित्र काढायचे नाही.

इथे आपला आणि त्यांचा फरक स्वच्छ सांगितला पाहिजे. ते ईश्वर मानतात, मरणानंतरचा न्याय, स्वर्ग-नरक मानतात. भगवंतांच्या धम्मात ईश्वराला जागा नाही, आत्म्याला नाही. सगळे धर्म एकच, असे गुळमुळीत बोलायची गरज नाही. वेगळे असूनही शेजार होतो.

त्यांची पाच कर्तव्ये. पहिला कलमा, म्हणजे एका अल्लाहशिवाय दुसरा ईश्वर नाही आणि महंमद त्याचे पैगंबर, ही साक्ष. दुसरी नमाज, पहाटेपासून रात्रीपर्यंत पाच वेळा. आधी हात, तोंड, पाय धुवायचे, त्याला वजू म्हणतात. मग मक्केकडे तोंड करायचे. आपल्याकडून ती दिशा पश्चिमेची. शुक्रवारी दुपारी मशिदीत एकत्र. रांगेत जो आधी आला तो पुढे. साहेब आणि हमाल खांद्याला खांदा लावून उभे. अजान देण्याचे काम पैगंबरांनी प्रथम बिलाल यांना दिले, ते हबशी वंशाचे, पूर्वी गुलाम होते. ही गोष्ट आपल्या मुलांना जरूर सांगा.

तिसरा रोजा. रमजानचा महिनाभर पहाटेपासून सूर्य मावळेपर्यंत पाण्याचा थेंबसुद्धा नाही. आजारी, प्रवासी, लहान मुले यांना सूट. त्यांच्या पंचांगात अधिक महिना नाही, म्हणून रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येतो, कधी पावसाळ्यात, कधी उन्हाळ्यात. मे महिन्यात रोजा धरून भट्टीपुढे उभा राहणारा कामगार डोळ्यापुढे आणा!

चौथी जकात. ठराविक मर्यादेपेक्षा जास्त शिल्लक वर्षभर राहिली तर शंभराला अडीच रुपये गरिबांना, कर्जात बुडालेल्यांना द्यायचे. आपल्या आईबापाला किंवा मुलांना देऊन ती फिटत नाही. त्यांना तर असेही सांभाळायचेच! आणि पाचवी हज, ऐपत असेल त्याने आयुष्यात एकदा.

दारू वर्ज्य. आपल्या पाचव्या शीलातही तेच आहे. कोण किती पाळतो, हे दोन्हीकडे विचारू नये, म्हणजे बरे.

मुसलमान काही काल आलेले नाहीत. जुन्या गावगाड्यात कितीतरी गावी मुलाणी होता, त्यालाही बलुते होते. महाडला १९२७ च्या डिसेंबरात परिषदेला जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी आपली जागा दिली. दुसरी बाजूही लपवायची नाही. १९३४ साली बाबासाहेब सहकाऱ्यांसह दौलताबादचा किल्ला पाहायला गेले. रमजानचा महिना होता. दारातल्या हौदावर त्यांनी हातपाय धुतले, तर एक म्हातारा मुसलमान हौद बाटवला म्हणून ओरडत आला आणि गर्दी जमली. बाबासाहेबांनी विचारले, तुमचा धर्म हेच शिकवतो का? अस्पृश्य मुसलमान झाला तर त्यालाही या पाण्यापासून अडवाल का? कुणी उत्तर दिले नाही. धर्मात समता असली तरी जात माणसाच्या अंगात राहते, म्हणूनच त्यांच्यातही उच्च-नीच शिरले. पुढे 'पाकिस्तान'वरच्या ग्रंथात बाबासाहेबांनी त्यावर परखडपणे लिहिले. आतून सुधारणेसाठी हमीद दलवाईंनी १९७० साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढले. तोंडी तलाकाविरुद्ध ते आयुष्यभर झगडले. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने एका दमात तीन तलाक देण्याची प्रथा रद्द केली, तेव्हा दलवाई असायला हवे होते.

एका मावशींनी परवा विचारले, "दर्ग्यावर नवस चालतो ना त्यांना?" मावशी, काही जण करतात, काही जण त्याला कडाडून विरोध करतात. आपल्याला मात्र बावीस प्रतिज्ञांनंतर नवस चालत नाही, दर्ग्यावरही नाही आणि डोंगरावरच्या देवीलाही नाही.

आता ती खोली. खोलीचे मालक आपल्यातलेच, इथेच बसलेत, नाव घेत नाही. त्यांची शंका एवढीच, की वासाचे काय, शेजारी काय म्हणतील. मटण आपल्याही घरी शिजते, तेव्हा वासाचे राहू द्या. शेजारी म्हणजे आपणच, आणि आपण सगळे इथे हजर आहोत. भोजनदानानंतर मालकांनी पाच मिनिटे थांबावे, आम्ही त्या कामगाराला चहाला बोलावले आहे.

जयभीम. नमो बुद्धाय.