शॉर्ट शोधावा कसा?

मागे एक विद्यार्थी माझ्याकडे एक सर्किट बोर्ड घेऊन आला. पाच व्होल्टची लाईन आणि ग्राउंड यांच्यात कुठेतरी शॉर्ट झाला होता. निव्वळ संशयावरून त्याने एकामागून एक अकरा कपॅसिटर काढले होते. त्या खटपटीत दोन ट्रॅक, म्हणजे तांब्याच्या पट्ट्या, उखडल्या. शॉर्ट मात्र कायम! तो निघाला कनेक्टरखाली, सोल्डरच्या केसाएवढ्या धाग्यात. बोर्ड शेवटी भंगारात गेला.

दोष त्याचा एकट्याचा नव्हे. आपला नेहमीचा मल्टीमीटर शॉर्ट आहे एवढं सांगतो. कुठे आहे, ते सांगत नाही. बोर्डावरचा तांब्याचा थर बहुधा ३५ मायक्रॉन जाडीचा असतो. एक मिलिमीटर रुंद आणि दहा सेंटिमीटर लांब पट्टीचा रोध भरतो सुमारे ०.०५ ओहम. साधा मीटर ०.१ ओहमच्या खाली वाचत नाही. त्याच्या तारांचाच रोध याहून अधिक. मग जवळचं काय नि लांबचं काय, त्याला सारखंच!

आता पाहा, पाट फुटला की शेतकरी काय करतो? काठाकाठाने चालत जातो. फुटीपर्यंत पाणी वाहतं, पुढे ते नुसतं उभं असतं. इथेही तेच करायचं. बोर्डाचा नेहमीचा पुरवठा सोडवावा. बाहेरचा पुरवठा अर्ध्या व्होल्टवर बांधून घ्यावा, म्हणजे चिपना धोका नाही. आणि १ अँपिअरपर्यंत प्रवाह सोडावा. मीटर मिलिव्होल्टवर ठेवून एक टोक पुरवठा जोडला तिथेच पट्टीवर धरावं, दुसरं पुढे सरकवीत न्यावं. वर सांगितलेल्या पट्टीवर दर सेंटिमीटरला सुमारे ५ मिलिव्होल्ट वाढतील. वाढ जिथे थांबली, तिथे शॉर्ट. एखाद्या फाट्यावर आकडा हललाच नाही, तर तो फाटा निर्दोष समजावा.

बोर्ड अनेक थरांचा असला, तर प्रवाह अख्ख्या तांब्याच्या पत्र्यात पसरतो आणि फरक फार थोडा पडतो. तेव्हा आयसोप्रोपिल अल्कोहोलचा पातळ हात द्यावा. जिथे ते आधी सुकतं, तिथे भाग तापतो आहे. मात्र अल्कोहोल पेट घेतं, हे विसरू नये. शिवाय शॉर्ट अगदी घट्ट असला, तर तो स्वतः फारसा तापत नाही. मग पुन्हा मिलिव्होल्टच बरे.

पुढे त्याच विद्यार्थ्याने दुसरा बोर्ड असाच तपासला. दहा मिनिटं लागली. या खेपेला एकही कपॅसिटर जागचा हलला नाही.