संमतीची मर्यादा



आजचा विषय ऐकावयास परका वाटेल; परंतु त्याचे वर्म डहाणू-घोलवडच्या बागाईतदारास ठाऊक आहे. चिकूचे फळ एका हंगामापुरते व्यापाऱ्यास दिले, तर त्याला झाडापर्यंत जाऊ द्यावे लागते. घराची किल्ली कोणी देत नाही. हंगाम सरला की त्याचा हक्कही सरतो.

आपली कागदपत्रे आता पेटीतून निघून गूगल ड्राइव्हसारख्या दूरच्या कोठारात गेली आहेत. सातबारा, वनहक्काचा पट्टा, जातीचा दाखला, मुलांच्या गुणपत्रिका, सारे तेथे. समजा, एका विद्यार्थ्याला चार दाखले जोडून एक फाईल करावयाची आहे. तो एखाद्या तिऱ्हाईत सेवेकडे जातो. ती विचारते: तुमच्या सर्व फायली पाहू, बदलू, नव्या करू आणि पुसू काय? काम चार कागदांचे, मागणी साऱ्या कोठाराची! आणि घाईत तो 'मान्य' दाबतो.

न वाचता अंगठा उठविण्याची किंमत या मुलुखाला निराळी सांगावयास नको. तलासरीतील झरी येथे 23 मे 1945 रोजी वारली शेतमजूर वेठीविरुद्ध एकत्र आले, त्यामागे सावकारी कर्जाचा मोठा इतिहास होता.

मग करावे काय? सर्वच सेवा एवढे मागत नाहीत. गूगलमध्ये अशीही परवानगी आहे, की आपण त्या सेवेतून उघडलेल्या किंवा तिने स्वतः तयार केलेल्या फायलींपुरताच तिचा हात पोचतो. ड्रॉपबॉक्समध्ये सेवेला तिच्या स्वतंत्र फोल्डरापुरते ठेवण्याची सोय आहे. मात्र यांतले काय मागावयाचे, हे सेवा बांधणारा ठरवितो. आपल्या हाती होकार किंवा नकार. तेव्हा प्रथम नकार द्यावयास शिकले पाहिजे. अडलेच, तर दुसरे खाते काढावे, त्यात कामापुरत्या कागदांच्या प्रती ठेवाव्या आणि सेवेला तेच खाते जोडून द्यावे.

काम उरकताच खात्याच्या सुरक्षा-विभागात जाऊन परवानगी काढून घ्यावी. पण एक लक्षात असू द्या: तिने आधीच नेलेल्या प्रती त्यामुळे परत येत नाहीत. म्हणून मर्यादा घालावयाची ती आरंभीच.

व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा 2023 चा कायदा हेच तत्त्व मानतो. संमती ठराविक हेतूस आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती असावी, आणि ती देणे जितके सोपे, तितकेच मागे घेणेही सोपे असावे. परंतु आपण कोणाला काय दिले आहे, याची आठवण कायदा आपल्यासाठी ठेवणार नाही.

तेव्हा आज घरी गेल्यावर एवढे करा: जोडलेल्या सेवांची यादी उघडा, एकेकीसमोर थांबा आणि विचारा, हिचे काम अजून उरले आहे काय? नसेल, तर तिला निरोप द्या.