आजारपण आणि बैलजोडी



घरात ऑपरेशन निघालं की आपण बैलजोडी विकतो. श्रीमंत अमेरिकेतही २०२३ साली अडीच कोटींवर माणसं विम्याविना होती. मग पैसा असून उपयोग काय?

शेजारच्या कॅनडात वाट काढली ती सस्काचेवान प्रांतातल्या कोरडवाहू गहूवाल्यांनी. १९१४ च्या सुमारास सार्निया भागातल्या लोकांनी करातून डॉक्टर पगारी ठेवला. भीक नव्हे, गावानं काढलेली पट्टी! पुढं टॉमी डग्लस यांनी आखलेली सर्वांसाठीची योजना १९६२ साली प्रांतभर लागू झाली, तर डॉक्टरच २३ दिवस संपावर! योजना मात्र टिकली. १९६६ साली देशाचा कायदा झाला, १९७२ पर्यंत सगळे प्रांत आत आले. तिथं गहूवाला ऑपरेशन करून घरी येतो, ट्रॅक्टर दारातच असतो.