भाड्याचे बळ आणि आत्मरक्षणाचा हक्क



बारच्या दारावरील बाउन्सर हा पोलीस नव्हे. मालक ग्राहकास बाहेर जाण्यास सांगू शकतो. परंतु निमूटपणे बाहेर पडणाऱ्या माणसास मारणे हा गुन्हाच होय.

अशा प्रसंगी नागरिक निराधार नाही. १८६० च्या दंडसंहितेतील आत्मरक्षणाचा हक्क १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत कायम आहे. हल्ल्याची वाजवी भीती उत्पन्न होताच तो सुरू होतो. पहिला घाव सोसलाच पाहिजे, असे नाही. मात्र भीती सरली की हक्कही सरतो. गरजेहून अधिक इजा किंवा मागाहून मंडळी जमवून उगवलेला सूड यांस त्यात स्थान नाही. पोलिसांकडे जाण्यास अवधी असेल, तर तोच मार्ग.

ही मर्यादा बाउन्सरलाही बांधते. पण तोही मजुरीवर राबणारा माणूस आहे. २००५ च्या खासगी सुरक्षा संस्थांच्या कायद्याने संस्थेस परवाना व रक्षकास प्रशिक्षण सक्तीचे केले आहे. म्हणून फिर्याद देताना परवान्याचीही चौकशी मागावी. गुद्द्याचा जाब केवळ गुद्दा मारणाऱ्यास विचारून भागणार नाही. तो भाड्याने घेणाऱ्यासही विचारला पाहिजे.