उंचावरची हवा

मंडळी, तासगावकडच्या शाळेत आम्ही हेडमास्तर होतो. तेव्हाचा आमचा एक विद्यार्थी सैन्यात आहे. अंगाने धिप्पाड, तालमीत घुमलेला. त्याची बदली लेहला झाली. दुसऱ्याच दिवशी त्याची आई आमच्या दारात आली.

"गुरुजी, पोरगं म्हणतंय, दोन दिस कामच न्हाई, नुसतं पडून ऱ्हायचं. आजारी-बिजारी हाय काय वो?"

आम्ही म्हणालो, "अक्का, आजारी पडू नये म्हणूनच त्याला बसवलंय."

हे कसे, ते पाहू.

कडब्याची गंजी आठवा. तळाच्या पेंढ्या दाबून घट्ट झालेल्या असतात, वरच्या सैल असतात. हवेचेही तसेच आहे. खालची हवा दाट, वरची विरळ. सांगली समुद्रसपाटीपासून सुमारे १,८०० फूट उंच आहे, सातारा २,४०० आणि महाबळेश्वर ४,५००. एवढ्याने माणसाला काही होत नाही. लेह मात्र ११,५०० फुटांवर आहे. समुद्रकाठी एका श्वासात प्राणवायूचे तीन वाटे मिळत असतील, तर लेहला दोनच मिळतात. सियाचीनच्या १८,००० फुटांवरच्या चौकीत तर निम्माच.

विहिरीतून बादली अर्धीच भरून येऊ लागली तर आपण काय करतो? खेपा वाढवतो. शरीरही तेच करते. श्वास भराभर चालतो, छाती धडधडते. जोराच्या श्वासाने रक्ताचा तोल बिघडतो. मग मूत्रपिंडे जादा क्षार लघवीवाटे काढून टाकतात. म्हणून तिथे लघवी जास्त होते. त्यात भिण्यासारखे काही नाही. पुढे हाडांतला मगज रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवू लागतो. प्राणवायू वाहून नेणाऱ्या पेशी त्याच. पण या कामाला आठवडे लागतात.

ही तयारी होण्याआधी माणूस धावपळ करू लागला, तर डोके दुखते, मळमळते, झोप लागत नाही. तरीही वर चढत राहिला तर फुप्फुसांत पाणी साचते, नाहीतर मेंदूला सूज येते. मग जीव जातो. त्यावर मोठा उपाय एकच, ताबडतोब खाली उतरवणे.

हे ज्ञान फुकट मिळालेले नाही. १९६२ च्या चीनच्या युद्धाच्या वेळी आपले जवान घाईने डोंगरांवर पाठवावे लागले. अशा आजारी पडलेल्या १,९२५ जवानांचा अभ्यास लष्करी डॉक्टरांनी १९६९ साली प्रसिद्ध केला. आता सैन्यात रीत ठरलेली आहे. ९,००० फुटांवर गेले की सहा दिवस थांबायचे, त्यांतले पहिले दोन विश्रांतीचे. १२,००० च्या वर आणखी चार दिवस आणि १५,००० च्या वर पुन्हा चार.

तालमीतली ताकद इथे उपयोगी पडत नाही, बरे का. उलट धडधाकट गडी डोकेदुखी लपवतो आणि फसतो. आपल्यातले यात्रेकरूही असेच करतात. केदारनाथ ११,७०० फुटांच्या वर आहे. हेलिकॉप्टरने काही मिनिटांत तिथे पोचायचे आणि डोके दुखले तरी सोबत्यांना सांगायचे नाही, ही कसली भक्ती?

तिबेटी लोकांची गोष्ट वेगळी. ते हजारो वर्षे उंचावर राहत आले. त्यांच्या तांबड्या पेशी आपल्याइतक्या वाढत नाहीत, त्यामुळे रक्त फार दाट होत नाही. हा गुण त्यांना आईबापांकडून मिळतो, हे शास्त्रज्ञांनी २०१० साली दाखवले. आपण तो उसना आणू शकत नाही. साताऱ्याच्या प्रियांका मोहिते २०१३ साली एव्हरेस्ट चढल्या. त्या वाटेने जाणारे बहुतेक जण थोडे वर जातात, खाली येतात, पुन्हा वर जातात. त्यात कित्येक आठवडे मोडतात.

आमचा विद्यार्थी महिनाभराच्या रजेवर घरी आला होता. खाली आले की उंचावर कमावलेली सवय ओसरते. म्हणून परत गेल्यावर त्याला पुन्हा पहिल्यापासून थांबावे लागले. त्याची आई परवा देवळापाशी भेटली. आम्ही विचारण्याआधीच म्हणाली, "पोचला गुरुजी. उद्यापतुर बसूनच हाय. मीच सांगितलंय, डोकं दुखलं तर सायबाला सांग म्हणून."