सुवर्णमहोत्सव आणि समर्पण



आपल्या मंदिराच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त गेल्या पन्नास वर्षांत आपण काय काय मिळविलें याची गणना मोठ्या उत्साहानें चालली आहे, आणि तें योग्यच आहे. परंतु पवित्र शास्त्रांतील लेवीय ग्रंथांत पन्नासावें वर्ष हें मिळविण्याचें नव्हे, तर सोडण्याचें सांगितलें आहे. त्या वर्षीं शिंग फुंकावें, विकत घेतलेली जमीन मूळ कुळास परत द्यावी व दासांस मोकळें करावें, अशी आज्ञा होती. कारण भूमि परमेश्वराची, माणूस तिजवर केवळ पाहुणा.

जमीन सोडणें कठीण खरें. पण जें पवित्र वाटतें तें सोडणें त्याहून कठीण. क्रुसाच्या संत योहानाच्या चरित्रांत हें आम्हांस स्पष्ट दिसतें. १५७७ च्या डिसेंबरांत त्याच्याच कार्मेल संघांतील विरोधकांनीं त्याला धरून तोलेदो येथील मठांत कोंडिलें. त्या अरुंद, अंधाऱ्या कोठडींत त्यानें सुमारें नऊ महिने काढिले, आणि तेथेंच ईश्वरप्रेमाचीं काव्यें रचिलीं. १५७८ च्या ऑगस्टांत रात्रीच्या वेळीं खिडकींतून उतरून तो निसटला. तेव्हां समर्पण म्हणजे हातपाय गाळून बसणें नव्हे. सुटण्याचा यत्न त्यानें केला. द्वेष मात्र बरोबर नेला नाहीं.

पुढें १५९१ मध्यें, ज्या सुधारणेसाठीं त्यानें हे कष्ट सोसले, तिच्याच मंडळींनीं त्याला अधिकारपदावांचून ठेविलें. आजारीपणीं बाएसा व उबेदा असे दोन मठ त्याच्यापुढें होते. बाएसास त्याला मानणारे लोक होते. त्यानें उबेदा पत्करिलें, जेथील मठाधिपति त्याला प्रतिकूल होता. तेथेंच १४ डिसेंबर रोजीं त्यानें देह ठेविला.

आम्ही मंदिराच्या कारभारांत केस पांढरे केलेली मंडळी. कपाटाच्या किल्ल्या, मिरवणुकींतील मान, पहिल्या बाकावरील जागा, जुन्या तंट्यांतील आपला खरेपणा, हें सर्व देवाचें कार्य समजून आम्हीं घट्ट धरिलें. मिटलेल्या मुठींत कृपा मावत नाहीं हें मुलांस शिकविलें. स्वतःची मूठ उघडली नाहीं. या महोत्सवाचें शिंग प्रथम आमच्याच कानीं पडो. किल्ल्या आनंदानें तरुणांच्या हातीं देऊं, आणि ज्यांच्याशीं बोलणें सोडलें त्यांच्या दारीं आपण होऊन जाऊं.

क्रुसावर प्रभूनें आपला आत्मा पित्याच्या हातीं सोंपविला. आम्हांस तर याहून फारच थोडें सोडावयाचें आहे. तेवढें बळ तो आम्हांस देवो. आमेन.